दारीन ते जेद्दा : तहांच्या मागावर

गुरुवार, मनामा ते दम्माम

गुरुवारी संध्याकाळी किंग फहद पुलावर सौदीकडून बहारीनला येणारी बाजू तुंबलेली असते. आठवडाअखेरीला तिकडची मंडळी इकडे येतात. आम्ही उलट्या दिशेने निघालो होतो, त्यामुळे पासपोर्टचे शिक्के मारून घेऊन अल-खोबरचे दिवे दिसेपर्यंत फार वेळ गेला नाही. नवऱ्याने मात्र पुलावरच विचारून घेतलं, "म्हणजे सुट्टी टाकून आपण कागदावर सह्या झाल्या ती ठिकाणं बघायला चाललोय?" होय, तेच बघायला.

बहारीनला राहून हा विषय टाळता येत नाही. या आखातातल्या शेखांशी ब्रिटिशांनी 1820 साली पहिला मोठा तह केला तो मुंबईहून निघालेल्या आरमाराच्या जोरावर. तेव्हा मुंबईच्या गव्हर्नरच्या खुर्चीत होते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, दोनच वर्षांपूर्वी पेशवाई बुडवून मोकळे झालेले. पुढे शंभरेक वर्षं इथला कारभार हिंदुस्थान सरकारच्या रेसिडेंट आणि पोलिटिकल एजंटांनीच पाहिला. 1965 मध्ये दिनार येईपर्यंत बहारीनच्या बाजारात रुपया चालत होता.

मला मात्र या सगळ्यातला एकच माणूस बघायचा होता, सौदी अरेबियाचा संस्थापक अब्दुल अझीझ इब्न सौद. 1915 मध्ये दारीनला त्याने ब्रिटिशांच्या कागदावर सही केली तेव्हा तो नज्दचा, म्हणजे मध्य अरबस्तानचा, अमीर होता. 1927 मध्ये जेद्दाला त्यांच्याशी दुसरा तह झाला तेव्हा तो राजा होता आणि बरोबरीने बोलत होता. मधली बारा वर्षं पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत पसरलेली आहेत.

शुक्रवार, दारीन

दम्मामला आमच्या ओळखीचे दापोलीकडचे एक चाचा आहेत. त्यांचं उभं आयुष्य इथे गाड्या चालवण्यात गेलं. त्यांनी गाडी काढली, पण दारीनचं नाव ऐकून चक्रावले. "ताई, मासळीला जातात लोक तिकडं. बघायला काय हाय?"

दारीन हे तारूत बेटाच्या दक्षिण टोकाचं गाव. बेट म्हणायचं ते नकाशापुरतंच, कतीफहून भराव घातलेल्या रस्त्याने गाडी सरळ आत जाते. बेटाच्या मध्यावर प्राचीन टेकाडावर पोर्तुगीज काळातला किल्ला उभा आहे. म्हणजे गोव्याच्या व्हाइसरॉयचा हुकूम एके काळी इथवर चालला. जुन्या अरबी कवितेत दारीनचं नाव येतं ते कस्तुरीमुळे. हिंदुस्थानातून आलेली कस्तुरी इथे उतरायची, आणि 'दारीनची कस्तुरी' म्हटलं की ऐकणाऱ्याला आणखी सांगावं लागत नसे. नंतर मोत्यांचे दिवस आले. मोत्यांचे मोठे व्यापारी मुहम्मद बिन अब्दुल वहाब अल-फैहानी यांचा वाडा समुद्राला लागून होता. आज त्याच्या पडक्या भिंती उरल्या आहेत, त्याही थोड्याच. एका भिंतीत दगडांबरोबर प्रवाळाचे तुकडे दिसतात. बोट फिरवलं की बारीक भोकं लागतात आणि चुन्याची पूड हाताला येते.

26 डिसेंबर 1915 रोजी या गावात सर पर्सी कॉक्स आणि इब्न सौद यांच्या सह्या झाल्या. कॉक्स म्हणजे आखातातले ब्रिटिश रेसिडेंट. पहिलं महायुद्ध चालू होतं आणि तुर्कांच्या विरुद्ध अरबस्तानात कोण आपल्या बाजूने उभं राहतं याची ब्रिटिशांना घाई होती. बोलणी खरं तर कॅप्टन विल्यम शेक्सपियर या पंजाबात जन्मलेल्या अधिकाऱ्याने सुरू केली होती. इब्न सौदशी त्याची खरीखुरी मैत्री होती. पण जानेवारी 1915 मध्ये जर्राबच्या लढाईत, इब्न सौदच्या सैन्याबरोबर असताना तो मारला गेला आणि मसुदा वर्षभर लोंबकळला.

तहाची सात कलमं मी फोनवर उतरवून आणली होती. ती वाड्याच्या सावलीत बसून वाचली. नज्द, अल-हसा, कतीफ आणि जुबैल हे इब्न सौदचे प्रदेश म्हणून मान्य. परक्या सत्तेने हल्ला केला तर ब्रिटिश मदत करणार. बदल्यात त्याने दुसऱ्या कुठल्याही राष्ट्राशी पत्रव्यवहार वा करार करायचा नाही, ब्रिटिशांच्या संमतीवाचून जमीन विकायची, गहाण टाकायची वा भाडेपट्ट्याने द्यायची नाही, आणि कुवेत, बहारीन, कतार व ओमानच्या किनाऱ्याला हात लावायचा नाही.

तिसऱ्या कलमापाशी माझा नवराही थांबला. आमच्याकडे शाळेत वसईचा तह घोकून घेतात : 31 डिसेंबर 1802, दुसरा बाजीराव, इंग्रजांना विचारल्याशिवाय इतर सत्तांशी बोलणी नाहीत. तोच साचा. दारीनचा तह मंजूर झाला तोही लंडनला नव्हे. 18 जुलै 1916 रोजी सिमल्याला व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांनी त्यावर सही केली. हिंदी संस्थानिकांना बांधायची जी कलमं त्या कचेरीत शंभर वर्षं घासून गुळगुळीत झाली होती, तीच इथे वाळवंटात आली. फरक एकच, पण तो मोठा आहे. बाजीरावाच्या डोक्यावर तैनाती फौज बसली आणि तिच्या खर्चापोटी 26 लाखांचा मुलूख गेला. इब्न सौदच्या राज्यात ब्रिटिशांनी एक पलटणही ठेवली नाही. उलट 1917 पासून त्यालाच महिना 5,000 पौंड सुरू झाले.

त्याच्या चतुराईचं मला मनापासून कौतुक वाटतं. दीडच वर्ष आधी, मे 1914 मध्ये, त्याने तुर्कांशीही तह करून स्वतःला सुलतानाचा वाली, म्हणजे सुभेदार, म्हणवून घेतलं होतं.

दुपारी नमाजानंतर दुकानं उघडली. चाचांनी हमूर मासा घेतला, कापून घेतला, बर्फात ठेवला, आणि दारीनला येण्याचं सार्थक झालं असं जाहीर केलं.

शनिवार, उकैर

या सहलीतला खरा दिवस हा. दम्मामहून हाफ मून बेच्या बाजूने दक्षिणेला निघालं की शहर संपतं आणि वाळूच्या टेकड्या रस्त्यावर सरकू लागतात. वाटेत चाचा त्यांच्या आजोबांबद्दल बोलले. आजोबा मुंबईहून बोटीने हजला गेले. निघण्याआधी साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम केला, आणि ते परत आले नाहीत. कोणत्या साली ते चाचांना सांगता येईना. "पण त्यांची ट्रंक आली घरी. कपडे, तसबीह, थोडे पैसे. आजी सांगायची, सरकारी माणूस घेऊन आला."

उकैर हे अल-हसाचं जुनं बंदर. दम्माम उभं राहायच्या आधी हुफूफचा सगळा माल इथून यायचा-जायचा. आज तिथे समुद्रकिनाऱ्यावर कुटुंबं चटया टाकून शेगड्या पेटवतात, पोरं चारचाकी बाइक उडवतात, आणि त्यापलीकडे जुनी इमारत उभी आहे : जकातघर, वखारी, लहानसा किल्ला, मशीद. दगड-चुन्याच्या जाड भिंती, मधल्या चौकाला कमानींची ओवरी. ओवरीत उन्हाचा ताप एकदम उतरतो. खालच्या हातभर भिंतीवर मिठाचा पांढरा थर चढलाय आणि तिथला गिलावा पापुद्र्यांनी सुटलाय. समुद्र इतका उथळ की माणसं दूरवर गुडघाभर पाण्यात चालत होती.

1922 च्या नोव्हेंबरअखेरीस या बंदराशेजारच्या वाळूत तंबू ठोकले गेले. पहिलं महायुद्ध संपलं होतं, तुर्क गेले होते, आणि इराक ब्रिटिशांच्या ताब्यात होता. मक्केच्या शरीफ हुसेनचा मुलगा फैसल तिथे राजा म्हणून बसवलेला होता. प्रश्न सरहद्दीचा होता. त्याच वर्षी मे महिन्यात मुहम्मरा इथे तह झाला होता, पण आपल्या वकिलाने अधिकाराबाहेर जाऊन सही केली असं म्हणत इब्न सौदने तो मानला नाही. आता कॉक्स बगदादचे हाय कमिशनर म्हणून स्वतः आले. इराकतर्फे मंत्री सबीह बेग होते. कुवेततर्फे होते मेजर मोर, म्हणजे कुवेतमधला ब्रिटिश पोलिटिकल एजंटच. कुवेतचा स्वतःचा माणूस त्या तंबूत नव्हता हे लक्षात ठेवा.

तिथे काय घडलं याचं सगळ्यांत रंगतदार वर्णन हॅरॉल्ड डिक्सन या अधिकाऱ्याने पुढे लिहून ठेवलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सबीह बेगनी इराकची हद्द रियाधपासून 12 मैलांवर आणून ठेवली, आणि इब्न सौदने ती अलेप्पो आणि बसऱ्यापर्यंत ढकलली. पाच दिवस हेच चाललं. इब्न सौदचं म्हणणं होतं की वाळवंटात रेघ मारता येत नाही. जमात जिथवर चरायला जाते आणि ज्याला जकात देते, तिथवर त्याचं राज्य. मला हा मुद्दा नुसता डावपेचाचा वाटत नाही. पाऊस कुठे पडेल ते ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्या विहिरी आणि कुरणं नकाशावर कशी वाटायची? पण कॉक्सना नकाशाच हवा होता.

सहाव्या दिवशी कॉक्सचा धीर सुटला. डिक्सन सांगतात, त्यांनी इब्न सौदला शाळकरी पोरासारखं झापलं, सरहद्द आता मीच ठरवतो म्हणाले, आणि लाल पेन्सिल घेऊन आखातापासून ट्रान्सजॉर्डनच्या (आजच्या जॉर्डनच्या) सीमेपर्यंत रेघ ओढली. इराकला नज्दचा मोठा तुकडा मिळाला. इब्न सौदला भरपाई म्हणून कुवेतचा जवळजवळ दोनतृतीयांश मुलूख. दोन ठिकाणी कुणाचंच मन मोडायचं नव्हतं म्हणून तटस्थ पट्टे ठेवले, एक इराकशी आणि एक कुवेतशी. त्यात दोघांनीही गुरं चारावीत. संध्याकाळी इब्न सौद तंबूत एकटा कॉक्सना भेटला, तुम्ही माझं अर्धं राज्य नेलंत म्हणून रडला, आणि कॉक्सचेही डोळे भरून आले.

आता हे रडणं. डिक्सननी लिहिलं ते बऱ्याच वर्षांनी, शिवाय ते मधल्या काळात कुवेतचे पोलिटिकल एजंट झाले होते आणि कुवेतवरचा अन्याय त्यांना डाचत होता. ते सगळं गृहीत धरूनही प्रसंग खरा असेल असं मला वाटतं, पण अश्रूंबद्दल खात्री नाही. ज्या माणसाने कुवेतचं दोनतृतीयांश राज्य तलवार न उपसता मिळवलं, त्याने चार थेंब गाळले तर ते स्वस्तच पडले. कुवेतचे शेख अहमद यांना बातमी कळवायला कॉक्स नंतर गेले. यावेळी लेखणीपेक्षा तलवार भारी ठरली, अशा अर्थाचं काहीतरी उत्तर कॉक्सनी शेखांना दिलं.

त्याच दिवसांत उकैरला फ्रँक होम्स नावाचा एक न्यूझीलंडर तेलाचा परवाना मागत हजर होता. कॉक्सनी इब्न सौदला सबुरीने घ्यायला सांगितलं. पुढे 1923 मध्ये होम्सला परवाना मिळाला, पण त्याच्या कंपनीने तेल काढलंच नाही. आणि ज्या कुवेती पट्ट्यात उंटच तेवढे चरणार होते, तिथे वफ्रा आणि खफजीची तेलक्षेत्रं सापडली. आजही ते उत्पन्न दोघं निम्मं-निम्मं वाटून घेतात.

एवढं सगळं घडलं त्या जागी चाचांनी सतरंजी अंथरली आणि कालचा हमूर भाजला. वारा सुटला की दाताखाली वाळू येत होती. उकैरला जायचं असेल तर पाणी आणि सावलीची सोय बरोबर न्या, पेट्रोल आधी भरा.

रविवार-सोमवार, हुफूफ आणि रियाध

रात्री हुफूफला मुक्काम केला. सकाळी इब्राहिम किल्ला बाहेरूनच पाहिला. एप्रिल 1913 मध्ये इब्न सौदने इथल्या तुर्की शिबंदीला हुसकावलं आणि त्याच्या राज्याला पहिल्यांदा समुद्र लागला. किनारा हाती आला म्हणूनच ब्रिटिशांना त्याची दखल घ्यावी लागली. चाचा दम्मामला परतले, आम्ही रियाधची आगगाडी पकडली. खिडकीतून वाळूशिवाय काही नाही, गाडी मात्र वेळेवर.

रियाधचा मस्मक किल्ला नेटका जपलाय, जरा जास्तच नेटका. 1902 च्या हल्ल्यात दारात रुतलेलं भाल्याचं टोक सगळे दाखवतात, सगळे त्याचा फोटो काढतात, आम्हीही काढला. सोमवारी रात्रीच्या विमानाने जेद्दा.

मंगळवार, बहरा

जेद्दा-मक्का जुन्या रस्त्यावर बहरा लागतं. आम्ही मुसलमान नाही, त्यामुळे मक्केच्या हद्दीआधी मागे फिरणं भाग होतं. बहरा त्याच्या अलीकडे आहे. बघायला तिथे काहीच नाही : ट्रकची गॅरेजं, टायरांची दुकानं, एक चहाचं हॉटेल. चालक मूळचा मुलतानचा. आम्ही इथे का उतरतोय हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

1925 च्या शरद ऋतूत इब्न सौदची छावणी इथे होती. मक्का त्याने वर्षभरापूर्वीच घेतली होती आणि जेद्दाला वेढा घातला होता. आत हुसेनचा थोरला मुलगा अली अडकलेला. हे चालू असताना ब्रिटिशांनी सर गिल्बर्ट क्लेटन यांना पाठवलं. वेढ्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, सरहद्दींचं मात्र उरकून घ्यायचं, असं काम. त्यांच्याबरोबर जॉर्ज अँटोनियस होते, अरबी-इंग्रजी दोन्ही लीलया वापरणारे. इब्न सौदला उत्तरेकडे सीरियापर्यंत पोचणारी पट्टी हवी होती. ती ब्रिटिशांनी दिली नाही, कारण इराक आणि ट्रान्सजॉर्डन एकमेकांना लागून राहिले नसते तर कैरो-बगदाद विमानमार्ग तुटला असता, आणि त्या मार्गाचं पुढचं टोक हिंदुस्थानात होतं. वादी सिरहान या खोऱ्याचा बराच भाग इब्न सौदला देऊन 1 नोव्हेंबरला बहरा करार आणि दुसऱ्या दिवशी, शेजारच्या गावाच्या नावाने, हद्दा करार झाला. दीड महिन्यात जेद्दा पडलं.

बुधवार, जेद्दा

अल-बलद म्हणजे जेद्दाचं जुनं शहर सकाळी आठच्या आत गाठावं, नंतर दमट उकाडा माणसाला पिळून काढतो. प्रवाळाच्या दगडांची पाच-पाच मजली घरं आणि त्यांना लटकलेले लाकडी झरोके, ज्यांना इथे रोशन म्हणतात. त्यांचं सागवान पूर्वेकडून, मलबार आणि जावाकडून यायचं. बैत नसीफच्या दारात झाड दिसलं आणि मी थबकले. कडुनिंब! पाडव्याला ज्याची पानं गुळाबरोबर चावतो तोच. जेद्दात एके काळी हे एकच झाड होतं, म्हणून घराचं नावच 'झाडाचं घर' पडलेलं. रोप हिंदुस्थानातून आल्याचं इथले लोक सांगतात. डिसेंबर 1925 मध्ये शहर शरण आल्यावर इब्न सौद याच घरात उतरला.

त्याच्या चार वर्षं आधी, 1921 च्या उन्हाळ्यात, जेद्दात वेगळीच बोलणी झाली होती. तहाचा मसुदा घेऊन ब्रिटिशांचे टी. ई. लॉरेन्स हिजाझचा, म्हणजे मक्का-जेद्दाच्या मुलखाचा, राजा हुसेन याच्याकडे आले. पैसे मिळणार होते, संरक्षण मिळणार होतं. मात्र युद्धानंतर पॅलेस्टाइन, सीरिया आणि इराकची जी वाटणी झाली ती हुसेनला मान्य करावी लागणार होती. म्हातारा आज एक कलम मान्य करी, उद्या मागे घेई, मधेच गादी सोडण्याची धमकी देई. लॉरेन्स वैतागले, सही झाली नाही. 1924 मध्ये इब्न सौदचं सैन्य आलं तेव्हा ब्रिटिशांनी हात झटकले. हुसेनने राज्य सोडलं आणि पुढची बरीच वर्षं सायप्रसमध्ये काढली.

इतिहासात हुसेनला हट्टी ठरवून विषय मिटवतात. मला ते पटत नाही. अरबांच्या स्वातंत्र्याचं युद्धात दिलेलं वचन पाळा, एवढंच तो म्हणत होता. त्याची चूक असलीच तर ती अशी की, हातात फौज नसताना तो वचनावर अडून बसला. इब्न सौदने वचनं कधी मागितली नाहीत. त्याने मुलूख घेतला आणि मग बोलायला बसला.

मे 1927 मध्ये क्लेटन पुन्हा जेद्दाला आले, अँटोनियससह. आता समोर हिजाझ आणि नज्दचा राजा होता. दारीनचा कागद त्याला नको होता. अडलं ते दोन गोष्टींवर. अकाबा बंदर आणि मआन शहर ब्रिटिशांनी ट्रान्सजॉर्डनला जोडले होते, ते इब्न सौद सोडायला तयार नव्हता. आणि वकिलातीत आश्रयाला आलेल्या गुलामांना मुक्त करण्याचा कॉन्सुलचा हक्क ब्रिटिश सोडायला तयार नव्हते. दोन्ही भांडणं तहातून बाहेर काढून सोबतच्या पत्रांत घातली. अकाबाबद्दल तूर्त जैसे थे, गुलामांबद्दल हक्क कायम. 20 मे रोजी इब्न सौदचा मुलगा राजपुत्र फैसल (इराकचा राजा नव्हे) आणि क्लेटन यांनी सह्या केल्या. पहिल्याच कलमात संपूर्ण आणि निरपवाद स्वातंत्र्याची मान्यता होती. 1915 चा तह रद्द झाला. परराष्ट्रांशी बोलायला आता कुणाची परवानगी नको. कुवेत, बहारीन, कतार आणि ओमानचा किनारा यांच्याशी सलोख्याने राहायचं कलम मात्र तसंच राहिलं.

आणि हज. ब्रिटिशांच्या हिंदी प्रजेतले किती लोक दरवर्षी मुंबई-कराचीहून बोटीने इथे उतरत! तहात कलम आहे : कुणी यात्रेकरू इथे वारला आणि त्याचं मागे बघणारं कुणी नसेल, तर त्याची मालमत्ता जेद्दातल्या ब्रिटिश एजंटाच्या हवाली करायची, म्हणजे ती वारसांपर्यंत पोचेल. बैत नसीफच्या पायऱ्यांवर बसून ते वाचलं आणि चाचांना फोन लावला. ते ट्रकच्या रांगेत होते. सगळं ऐकून म्हणाले, "असं कायद्यात होतं होय? आम्ही म्हणत होतो, माणूस भला होता."

दुपारी खुझाम राजवाड्याच्या फाटकाशी गेलो. 29 मे 1933 रोजी तेलाचा करार इथे झाला. अठरा वर्षं तह जमवत बसलेल्या ब्रिटिशांच्या वाट्याला तो आला नाही. त्यांच्या कंपनीने हात आखडता घेतला आणि कॅलिफोर्नियाची स्टँडर्ड ऑइल पुढे झाली. राजाचे अर्थमंत्री अब्दुल्ला सुलैमान यांना रोख सोनं हवं होतं. ते लंडनहून आलं, 35,000 सॉव्हरिन, आणि जेद्दातल्या डच बँकेत एकेक नाणं मोजून घेतलं गेलं. नाण्यांवर शिक्का इंग्लंडच्या राजाचा, पैसे अमेरिकनांचे. नवरा म्हणाला, हे आधी सांगितलं असतंस तर मी सुट्टीबद्दल एवढं ओढून धरलं नसतं. रात्रीचं विमान बहारीनला होतं. वफ्राला कधी जायचं ते अजून ठरायचंय.